शनिवार तेली आणि मराठीत आलेले पुस्तक

किहीम म्हटले की पक्षिप्रेमींना सलीम अली आणि त्यांनी १९३० मध्ये येथे अभ्यासलेली सुगरणीची घरटी आठवतात. मुंबईकरांना शनिवार-रविवारचा किनारा आठवतो. या गावाने एक आडनावही जगाला दिले आहे, ते मात्र फारसे कोणाच्या लक्षात नसते. किहीमकर हे आडनाव बेने इस्रायल समाजात, म्हणजे कोकणातल्या ज्यूंमध्ये आढळते. दिवेआगरचे दिवेकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर, तसे किहीमचे किहीमकर. या समाजाच्या हाती त्याचेच धर्मपुस्तक शतकानुशतकांच्या अंतराने पुन्हा कसे आले आणि ते आधी मराठीत का आले, त्याची ही हकिगत.

परंपरा अशी की, किहीमच्या शेजारी नवगावापाशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावच्या भूमीत पुरले. गलबताबरोबर पोथ्याही गेल्या. हे केव्हा घडले यावर अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज किनाऱ्यावरच्या गावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले. शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’.

त्यांच्यापाशी उरले होते ते आठवणीत मावेल एवढेच: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ईश्वर एकच आहे असे सांगणारी ‘शेमा’ ही प्रार्थना. सणही होते, पण त्यांची नावे पाहावीत. वर्षारंभाचा ‘नव्याचा सण’, त्यानंतरचा ‘खिरीचा सण’, दारे लावून उपवास करण्याचा ‘दरफाळणीचा सण’. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकाचा दिवस येथे ‘बिरड्याचा रोजा’ झाला, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे खायचे. पदार्थ राहिला, मंदिर विस्मरणात गेले. हे अज्ञान म्हणून हसण्यासारखे नाही. ज्या गोष्टीची कथाच हरवली आहे ती गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या न चुकता पाळणे ही निष्ठा काही लहान नव्हे.

दावीद रहाबी नावाचा एक गृहस्थ कोकणात आला आणि त्याने या लोकांना ओळखले, असे सांगतात. त्याने बायकांपुढे मासे ठेवले. त्यांनी खवले आणि पर असलेले तेवढे निवडून घेतले. ही निवड तोराच्या नियमाप्रमाणे होती. रहाबीने तीन जणांना धर्मविधी शिकवले, आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांकडे काजीपण आले. रहाबीला कोणी मध्ययुगात ठेवतात, कोणी त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या व्यापारी घराण्यातला मानतात. काळ कोणताही असो, काजी गावोगाव फिरून विधी करीत. लोकांनी एकत्र बसून ग्रंथ वाचावा अशी जागा मात्र नव्हती. पहिले सिनेगॉग उभे राहिले ते मुंबईत, १७९६ मध्ये, शमुवेल एझिकेल दिवेकर यांच्या हस्ते. टिपूच्या कैदेतून सुटलो तर प्रार्थनामंदिर बांधीन असा त्यांचा नवस होता, अशी आख्यायिका आहे. त्यानंतर रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) आणि पेण (१८६३) येथे सिनेगॉगे झाली.

ज्यूंच्या वाचनाची रीत येथे समजून घ्यावी लागते. तोराचे, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांचे, ५४ भाग पाडले आहेत. आठवड्याला एक भाग (काही आठवड्यांत दोन) वाचत गेले की वर्षात ग्रंथ पूर्ण होतो. शेवटचा भाग संपतो त्याच दिवशी पहिला सुरू करतात. त्या दिवसाला सिमहात तोरा म्हणतात. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी हे वाचन सर्वांसमक्ष होते. शिवाय प्रत्येकाने आठवड्याचा भाग घरी मुळातून दोनदा आणि भाषांतरातून एकदा वाचावा असा जुना दंडक आहे. भाषांतर ही दुबळ्यांची सोय नव्हे, विधीचाच भाग आहे. बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेल्या लोकांपुढे एझ्राने ग्रंथ वाचला तेव्हा लेवी लोक त्याचा अर्थ उलगडून सांगत होते, असे नहेम्याच्या पुस्तकात आले आहे. पुढे भाषांतराचे काम अरामी भाषेने केले. कोकणात ते मराठीकडे आले.

ते आणणारे हात परके होते. विल्यम केरीने श्रीरामपूरला मराठी नवा करार १८११ मध्ये छापला. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी १८१३ पासून बस्तान बसवले. त्यांच्या मराठी शाळांत बेने इस्रायल मुले शिकू लागली, काही जण तेथेच शिक्षक झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये आले आणि १८३२ मध्ये त्यांनी हिब्रूचे व्याकरण चक्क मराठीत प्रसिद्ध केले, तेही या समाजासाठी. हेतू उघड होता: जुना करार वाचणारा ज्यू आपोआप नव्या कराराकडे वळेल. झाले उलटेच. अब्राहामाची, योसेफाची, मोशेची कथा घरच्या भाषेत वाचल्यावर दरफाळणीचा आणि बिरड्याचा अर्थ लागू लागला. धर्मांतर फार थोड्यांनी केले. बाकीचे पूर्वीपेक्षा अधिक जाणते ज्यू झाले. याच सुमारास कोचीनहून आलेले ज्यू शिक्षक प्रार्थना आणि वाचनाची रीत शिकवीत होते, हेही विसरून चालणार नाही. अर्थ एकीकडून आला, स्वर दुसरीकडून.

मिशनऱ्यांच्या भाषांतरावर कायम अवलंबून राहणे मात्र परवडणारे नव्हते. ‘जुना करार’ हे नावच घ्या. ज्यूंच्या दृष्टीने तो जुना होण्याचे कारणच नाही. योसेफ एझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनापुस्तके थेट मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाचे ते हिब्रूचे परीक्षकही होते. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाच्या रात्री वाचायची हागादा हिब्रू-मराठीत छापली गेली. तिच्या चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या बाया लुगडे नेसलेल्या आहेत. मिसरातून सुटकेची कथा कोकणातल्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

याहूनही मराठमोळी गोष्ट १८८० मध्ये घडली. मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढले आणि बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी बायबलमधल्या चरित्रांवर कीर्तने सुरू केली. नारदीय कीर्तनाची चौकट तीच, चाली ओळखीच्या. आख्यान मात्र अब्राहामाचे, दावीदाचे किंवा एस्तेरचे. ज्या बायकांना हिब्रू अक्षरओळख कोणी करून दिली नव्हती त्यांनाही ग्रंथ ऐकता आला, त्यावर रडता-हसता आले. एकत्र बसून ग्रंथाचा अर्थ लावण्याची याहून चांगली व्यवस्था महाराष्ट्रात दुसरी नव्हती. ती शेजाऱ्यांकडून उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

या घडामोडींचा इतिहास लिहिला तो किहीमकरांनीच. हाईम शमुवेल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत समाजाची शाळा उभारण्यात पुढाकार घेतला. हिब्रू आणि मराठी तेथे शेजारी नांदल्या. १८९७ मध्ये त्यांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. सणांची ती जुनी नावे आज माहीत आहेत ती मुख्यतः त्यांच्या नोंदींमुळे. ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर.

ग्रंथाविना गेलेल्या शतकांचा जाब मात्र पुढे विचारला गेलाच. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायलांच्या विवाहांबाबत तेथील मुख्य धर्मपीठाने १९६२ च्या सुमारास शंका काढली: ज्यांना घटस्फोटाचे धर्मशास्त्र ठाऊक नव्हते त्यांची वंशशुद्धी कशी मानावी? कोकणातून गेलेली माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर धरणे धरून बसली. १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना सर्वार्थाने ज्यू मानले जावे अशी भूमिका घेतली, आणि धर्मपीठाला नमते घ्यावे लागले.

अलिबागच्या इस्रायल आळीतले मागेन अबोथ सिनेगॉग १९१० मध्ये पुन्हा बांधले. ते अजून उभे आहे. तोराची गुंडाळी सर्वांसमक्ष उघडायची तर दहा प्रौढ पुरुष लागतात. रायगडच्या किनाऱ्यावर आता मोजकीच कुटुंबे उरली आहेत, आणि दहाची गणती जमवायला सणासुदीला मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांची वाट पाहावी लागते.