शिरगणती आणि प्रभागांच्या सीमा

वाढोणा हे हिमायतनगरचे जुने नाव वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी अद्याप आहे. श्रीपरमेश्वराचे देवालय, बाजार, रेल्वे स्टेशन अशा खुणांवरून गावाचा भाग ओळखण्याची आपली रीत. परंतु मतदानाच्या दिवशी ह्या खुणा पुरेशा होत नाहीत. तेथे प्रश्न असतो, प्रभाग कोणता? हा प्रभाग कशावरून ठरतो आणि शिरगणतीनंतर तो का बदलतो, ह्याचा थोडा इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

निजामी राज्यात पहिली शिरगणती १८८१ साली झाली. उर्दू कारभारात तिला मर्दुमशुमारी म्हणत. पुढे दर दहा वर्षांनी माणसे मोजली जात. त्या मोजणीने सरकारास प्रजेची संख्या कळे. तथापि प्रत्येक सज्ञान स्त्रीपुरुषास मत असावे, ही गोष्ट त्या काळी नव्हती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले, १९५० साली राज्यघटना अमलात आली आणि १९५१ च्या शिरगणतीस नवा अर्थ आला. मोजलेले प्रत्येक माणूस आता प्रतिनिधित्वाच्या हिशेबात धरले जाऊ लागले.

सीमा हलणे म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याने १९५६ साली पाहिले. राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने मराठवाडा मुंबई राज्यात आला. त्या वेळी देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल ही मंडळे आणि मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग नांदेडपासून तुटला. उलट आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट तालुका व इस्लापूर मंडळ महाराष्ट्राच्या बाजूस आले. सोयरिकी, शेती व बाजारहाट पूर्वीच्याच ठिकाणी राहिली. कचेरी मात्र बदलली. मतदारसंघांचेही तसेच. २००१ च्या लोकसंख्येवरून आखून २००८ साली अमलात आलेल्या रचनेत आपला जिल्हा नांदेड, परंतु हदगाव विधानसभा मतदारसंघ हिंगोली लोकसभेत, असा योग आला.

आता गावातील सीमांकडे वळू. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपंचायतींस घटनेचा आधार मिळाला. राज्यात १९६५ चा नगरपरिषदा अधिनियम त्यांस लागू आहे. नगरपंचायतीचे १७ प्रभाग असतात. ते आखताना शेवटच्या प्रसिद्ध शिरगणतीचे आकडे घेतात, एकूण लोकसंख्येस १७ ने भागतात आणि सरासरीच्या दहा टक्के खालीवर एवढीच सूट ठेवतात. समजा, गावाची वस्ती १७ हजार धरली, तर प्रत्येक प्रभाग नऊशे ते अकराशेंच्या दरम्यान बसावा. आखणी उत्तरेकडून सुरू होऊन दक्षिणेस संपते. सीमा शक्यतो रस्ता, नाला, लोहमार्ग अशा ठळक खुणांवरून न्यावी, मोजणीचा गट फोडू नये आणि अनुसूचित जातिजमातींची वस्ती दोन प्रभागांत वाटू नये, असे दंडक आहेत. अनुसूचित जातींच्या राखीव जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने व आळीपाळीने ठरतात. स्त्रियांच्या अर्ध्या जागा सोडतीने.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानी यावी. आखणीचा पाया म्हणजे शिरगणती. आणि पाया जुना झाला की वरची भिंत कलते. २०११ नंतर दहा वर्षांनी व्हावयाची शिरगणती महामारीमुळे लांबली. त्यामुळे २०११ नंतर ज्या बाजूस नवी घरे उठली तेथील माणसे प्रभागाच्या हिशेबात आलीच नाहीत. कागदावर सारखे असलेले दोन प्रभाग प्रत्यक्षात सारखे राहत नाहीत. एकातील मत जड होते, दुसऱ्यातील हलके. दिवाबत्ती, नळ व गटारे ह्यांसाठी भांडणारा सदस्य मात्र दोहोंस एकेकच.

पुढील शिरगणतीची संदर्भतिथी १ मार्च २०२७ अशी जाहीर झालेली आहे आणि तीत सर्व जातींची नोंद घेण्याचे ठरले आहे. सर्व जातींचे आकडे ह्यापूर्वी १९३१ च्या शिरगणतीत प्रसिद्ध झाले होते. आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेस ह्या गोष्टीचा मोह पडणे स्वाभाविक आहे. आपली संख्या मोठी दिसावी असे कोणास वाटणार नाही? परंतु फुगविलेला आकडा हे दुसऱ्याच्या ताटातील घास काढणेच होय. पुणे, हैदराबाद अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणाऱ्या मुलांची नोंद ती राहतात तेथेच व्हावी. घरातील वृद्ध आई, विधवा आत्या, भाड्याने राहणारे बिऱ्हाड ह्यांची नोंद मात्र चुकू नये.

दुसरी सूचना अशी की, प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींसाठी थोडेच दिवस मिळतात. त्या दिवसांत नकाशा पाहणारे थोडे, आणि निकालानंतर हळहळणारे पुष्कळ, असा अनुभव सार्वत्रिक आहे. घरटी एका शिकलेल्या मुलाने वा मुलीने तो नकाशा पाहावा. सीमा दंडकास सोडून गेली असेल तर लेखी हरकत द्यावी व सुनावणीस हजर राहावे. मात्र हरकत आपल्या ज्ञातीची घरे एकत्र यावीत म्हणून नसावी. नळाला पाणी न आल्यास प्रथम धावून येतो तो भिंतीपलीकडचा शेजारी. त्याची ज्ञाती कोणतीही असो. प्रभाग हा त्या शेजाराचा असतो. ही जाण ठेवून आपण स्वतःची नोंद अचूक केली, तर गावाच्या कारभारात आपला न्याय्य वाटा आपणांस मिळेल आणि दुसऱ्याचाही त्यास मिळेल.