कुर्डीचे चौथरे

मडगावला आमच्या नळाला येणारं पाणी साळावली धरणाचं. त्या धरणाखाली सांगे तालुक्यातलं कुर्डी गाव बुडालं. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर १९०४ साली जन्मल्या त्या याच गावात. माझ्या मनाला कुर्डीची ओढ लागली ती त्यांच्या आडनावामुळे.

साळावली ही जुवारीची उपनदी. तिच्या काठी भातशेती, माड, काजू, आंबे-फणस. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान मिळून तीनेक हजारांची वस्ती. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी दक्षिण गोव्याला पाणी देणाऱ्या या धरणाचा ध्यास घेतला. १९८०च्या दशकात कुर्डीचे गावकरी वाडे आणि वालकिणी इथल्या वसाहतींत गेले.

मे महिन्यात पाणी ओसरलं की चिखलाला भेगा पडतात आणि चिऱ्यांचे चौथरे उघडे होतात. पायरीवरून घराचं तोंड कुठे होतं ते कळतं, तुळशीवृंदावनाच्या बुडावरून अंगण सापडतं, खुंटांच्या रांगेवरून झाडं कुठवर होती तेही. घर कुणाचं, हे मात्र जुना कुर्डीकर सोबत असला तरच समजतं.

कदंबकालीन महादेवाचं देऊळ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा उभारलं. जांभ्यात कोरलेली आडवी मातृदेवता वेर्ण्याला नेली. काम मोलाचं झालं, यात शंका नाही. पण माणसांच्या आठवणींसाठी एवढी चिकाटी कुणी दाखवली नाही. आणि ज्यांच्या गावावर आमचे नळ वाहतात, त्यांनाच नव्या वसाहतीत उन्हाळ्यात पाण्यासाठी तक्रार करावी लागली, याची मला मडगावकर म्हणून लाज वाटते.

तरी ते दरवर्षी येतात. मे महिन्यात सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या चॅपेलच्या जागी फेस्त करतात. त्या दिवशी चौथऱ्यावर उभं राहून म्हातारी माणसं नातवंडांना स्वयंपाकघर दाखवतात, विहीर दाखवतात, शेजाऱ्यांची नावं सांगतात.

गाव सोडताना जे पंचविशीत होते, ते आज साठी ओलांडून गेलेत. कुर्डीला जाल तेव्हा नुसते फोटो काढून परतू नका. एखाद्या कुर्डीकराला सोबत घ्या आणि प्रत्येक चौथऱ्याचं घर, वाडा, शेत यांची नावं वहीत उतरवून घ्या.