खांदेरीचा दिवा कोणाचा?



सांगलीत कृष्णेच्या काठी दीपस्तंभावर व्याख्यान ठेवलंय म्हटल्यावर काहींना गंमत वाटली असेल. इथून समुद्र गाठायचा तर आधी सह्याद्री उतरावा लागतो. पण आजच्या गोष्टीत दोन माणसं अशी आहेत की ज्यांच्यामुळे ती आपल्या मुलखाची होते. एक साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज, दुसरा साताऱ्याचा ब्रिटिश रेसिडेंट बार्टल फ्रिअर. आणि मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे तिसरं एक नावही येणार आहे: जॉन स्टुअर्ट मिल.

मुंबईच्या दक्षिणेला, अलिबागजवळच्या थळच्या समोर, किनाऱ्यापासून चार-पाच किलोमीटर आत खांदेरी नावाचं बेट आहे. दोन लहान टेकड्या, भोवती तट, आत कोळी बांधवांचा वेताळ. मुंबई बंदरात शिरणारं जहाज या बेटाच्या नजरेतून सुटत नाही. शिवाजी महाराजांनी हे ओळखलं आणि 1679 साली मायनाक भंडारीला तिथे किल्ला बांधायला पाठवलं. इंग्रजांनी बेटाला जहाजांचा वेढा घातला. त्यांची जहाजं मोठी, तोफा जास्त. मग बेटावर दाणागोटा, माणसं, सामान पोचायचं कसं? रात्री. आपल्या लहान, हलक्या होड्या अंधारात इंग्रजांना चुकवून बेटाला लागायच्या. शेवटी इंग्रजांना माघार घ्यावी लागली आणि किल्ला उभा राहिला.

हे लक्षात ठेवा. खांदेरी उभी राहिली ती अंधाराच्या आधाराने. तिथे कोणी त्या वेळी मोठा दिवा लावला असता, तर तो शत्रूच्या कामाचा झाला असता.

पुढे 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथाच्या मध्यस्थीने कान्होजी आंग्रे शाहू महाराजांच्या बाजूला आले. त्या तहात जे आरमारी किल्ले कान्होजींकडे राहिले, त्यात खांदेरी होती. म्हणजे खांदेरीवरच्या हक्काचा शिक्का साताऱ्याचा होता. 1718 मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याने बेटावर हल्ला केला, तोही फसला.

आता शंभरहून अधिक वर्षं पुढे येऊ. कुलाब्याच्या आंग्र्यांचा औरस वारस उरला नाही. दत्तक नाकारलं गेलं आणि 1840 च्या सुमारास त्यांचं संस्थान खालसा झालं. मग 1848 च्या एप्रिलमध्ये साताऱ्याचे महाराज आप्पासाहेब वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. रेसिडेंट होता फ्रिअर. त्याने वरिष्ठांना स्पष्ट कळवलं की हे दत्तविधान मानलं पाहिजे. मुंबईचा गव्हर्नर क्लार्क यानेही खालसा करण्याला विरोध केला. डलहौसीने दोघांचं ऐकलं नाही. कंपनीच्या संचालकांनी 1849 मध्ये त्याच्या बाजूने कौल दिला. फ्रिअरचं वैशिष्ट्य असं की त्याने विरोध नोंदवला, आणि नंतर त्याच साताऱ्याचा कमिशनर म्हणून कारभारही पाहिला. याला कर्तव्यनिष्ठा म्हणायचं की सोय, हे तुम्ही ठरवा.

याच 1848 च्या एप्रिलमध्ये लंडनला मिलचा अर्थशास्त्रावरचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात दीपस्तंभाचं उदाहरण आहे. त्याचा युक्तिवाद सोपा आहे. दिव्याचा फायदा समुद्रावरच्या जहाजाला होतो, पण भर समुद्रात जाऊन त्याच्याकडून पैसे वसूल करता येत नाहीत. म्हणून नफ्यासाठी कोणी दीपस्तंभ बांधणार नाही. ते काम सरकारचं. आणि हा मिल नोकरीला कुठे होता? ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत. हिंदुस्थानातल्या संस्थानांचा पत्रव्यवहार हेच त्याचं खातं होतं. सर्वांसाठी दिवा लावणं हे सरकारचं काम, असं लिहिणारा माणूस दिवसा अशा सरकारच्या कचेरीत बसत होता, जे एकेक गादी खालसा करत चाललं होतं.

फ्रिअर 1862 मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिथला कापूस थांबला होता, मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने जात होता आणि बंदर जहाजांनी भरत होतं. सुएझचा कालवाही खोदला जात होता, तो 1869 मध्ये खुला झाला. पश्चिमेकडून येणाऱ्या जहाजाला पहिली खूण दुरून दिसणं गरजेचं होतं. कुलाब्याचा जुना दीपस्तंभ होता, पण तो बंदराच्या अगदी तोंडाशी. म्हणून खांदेरी. दीपस्तंभाचा पायाचा दगड फ्रिअरने बसवला आणि 1867 च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, दिवा लागला. अष्टकोनी मनोरा, सुमारे 75 फूट उंच. पुढे 1875 मध्ये कुलाब्याच्या टोकाच्या खडकावर प्रॉन्ग्सचा दीपस्तंभ झाला, त्याला सहा लाखांवर रुपये लागले.

बांधकामापेक्षा अवघड असतो तो कारभार. अशा बेटावर दगड, चुना, तेल, धान्य सगळं होडीने येतं, आणि होडी चालते ती साधारण दसऱ्यापासून मेपर्यंत. पावसाळ्याचे चार महिने जे साठवलं तेवढंच. फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेलने शोधलेल्या काचेच्या भिंगांमुळे एका ज्योतीचा प्रकाश कित्येक मैल जायचा. पण ज्योत शेवटी वातीचीच. कोणीतरी रात्रभर जागायचं, काजळी काढायची, वात कापायची, तेल वर चढवायचं, सकाळी भिंगं पुसायची. रोज. अंधारात पलीकडून जाणारं जहाज कोणतं, कोणाचं, हे त्याला माहीत नसायचं. त्या जहाजालाही त्याचं नाव माहीत नसायचं.

आणि पैसे? मिल म्हणतो तशी समुद्रात वसुली होत नाही, हे खरं. पण जहाज बंदराला लागतं तेव्हा होते. रोनाल्ड कोस या अर्थतज्ज्ञाने 1974 मध्ये दाखवून दिलं की इंग्लंडमध्ये खाजगी लोकांनीही दीपस्तंभ बांधले होते, आणि त्यांचं शुल्क बंदरात गोळा व्हायचं. आपल्याकडे 1927 च्या कायद्याने सगळी व्यवस्था केंद्राकडे गेली. त्या कायद्यात 50 टनांखालच्या जहाजांना दीपशुल्क माफ होतं. म्हणजे थळच्या कोळ्याची होडी दिव्याचा उपयोग करणार आणि एक पैसाही देणार नाही. हा कायदा 2021 पर्यंत चालला.

आता प्रश्न असा, की हा दिवा कोणाचा? 1679 मध्ये खांदेरीवर दिवा लावणं म्हणजे आत्मघात होता, कारण समोर शत्रू होता. 1867 मध्ये लावता आला, कारण समुद्रावर प्रतिस्पर्धी उरला नव्हता. सर्वांसाठी असलेला दिवा एका सत्तेच्या विजयानंतरच लागला, हे कटू आहे पण खरं आहे. ज्या सत्तेने आंग्र्यांची आणि छत्रपतींची गादी घेतली, तिनेच तो लावला. म्हणून दिवा वाईट ठरतो का? मला तसं वाटत नाही. तसंच दिवा चांगला होता म्हणून गादी घेणं माफ होतं, असंही नाही. या दोन वह्या वेगळ्या ठेवायला शिकणं, हेच इतिहास वाचण्याचं काम आहे. आपण घाईने एका वहीची बेरीज दुसरीत करतो आणि मग कोणी इंग्रजांचे गोडवे गातो, कोणी दीपस्तंभालाही शिव्या देतो.

1998 मध्ये बेटाला कान्होजी आंग्रे यांचं नाव मिळालं, दीपस्तंभालाही. 2025 मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी वारशाचे जे किल्ले जागतिक यादीत घेतले, त्यात खांदेरी आहे आणि आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. तिथे जाल तेव्हा तट बघा, तोफा बघा, वेताळाला नमस्कार करा. आणि मनोऱ्याच्या पायथ्याशी उभं राहून त्या वात कापणाऱ्या माणसाचीही आठवण काढा. पाया बसवणाऱ्याचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याचं नाही.

आता तुमचे प्रश्न घेतो.