साधनसंतुलन, प्रकल्पाच्या वेळापत्रकातील

हाताशी असलेली माणसे, यंत्रे, जागा आणि पैसा यांच्या मर्यादेत प्रकल्प बसावा म्हणून त्यातली कामे पुढेमागे सरकवणे, लांबवणे किंवा तुकड्यांत करणे म्हणजे साधनसंतुलन. बांधकामाच्या साइटवर आणि सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत याला रिसोर्स लेव्हलिंग म्हणतात. कोणते काम कशानंतर करायचे हे ठरले की वेळापत्रक झाले, असा समज सर्रास आढळतो. प्लास्टर झाल्याशिवाय रंग नाही, ही अट कामाच्या स्वभावातूनच येते. गवंडी मात्र सहाच आहेत, ही अट मुकादमाच्या हजेरीवहीतून येते आणि कामांच्या आराखड्यात ती कुठेच दिसत नाही. वेळापत्रके बहुतेक तिथेच फसतात.

आधुनिक नियोजनशास्त्राची सुरुवातही याच उणिवेसह झाली. अमेरिकेतील ड्यूपाँट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथ पद्धत उभी केली. पाठोपाठ १९५८ मध्ये अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी पर्ट ही पद्धत आली. कामांची सर्वांत लांब साखळी शोधायची, तिच्यातल्या कामांना एका दिवसाचाही उशीर होऊ द्यायचा नाही आणि उरलेल्या कामांना किती सवड आहे ते मोजायचे, हा या पद्धतींचा गाभा. माणसे आणि यंत्रे लागतील तेवढी मिळतील, हे दोन्हींमध्ये गृहीतच होते. कोट्यवधी डॉलरच्या कारखान्यात आणि शीतयुद्धातल्या क्षेपणास्त्र प्रकल्पात ते खपूनही गेले असेल. पण मर्यादित साधनांचा प्रश्न लगेचच पुढे आला आणि १९६३ मध्ये खुद्द केलींनीच त्यावर लिहिले.

प्रश्नाचे स्वरूप एका छोट्या, रचलेल्या उदाहरणात नीट दिसते. एका शाळेची दुरुस्ती काढली आहे. वर्गखोल्यांच्या प्लास्टरला ४ गवंडी ६ दिवस लागतात आणि त्यानंतर रंगाऱ्यांचे ४ दिवस. कुंपणाच्या भिंतीला ३ गवंडी ४ दिवस, मग फाटक बसवायला १ दिवस. स्वच्छतागृहाच्या फरशीला २ गवंडी ३ दिवस, मग नळकामाचे २ दिवस. तिन्ही कामे पहिल्याच दिवशी सुरू करता येतात. सुकण्याचे दिवस सोयीसाठी सोडून दिले आहेत. प्लास्टर आणि रंग ही सर्वांत लांब साखळी, म्हणून प्रकल्प १० दिवसांचा. कुंपण आणि स्वच्छतागृह या दोन्ही साखळ्यांना प्रत्येकी ५ दिवसांची सवड आहे.

सगळे लगेच सुरू केले, तर पहिले ३ दिवस ९ गवंडी लागतात, चौथ्या दिवशी ७ आणि पुढचे दोन दिवस ४. तीन दिवसांसाठी नऊ गवंडी गोळा करून सहा दिवसांत सगळ्यांना रजा देणे कोणत्याही ठेकेदाराला परवडत नाही आणि मुकादमही ते मान्य करत नाही. फरशी पाचव्या दिवसावर ढकलली की गरज ७ गवंड्यांवर येते आणि प्रकल्प १० दिवसांतच संपतो. इथे फक्त सवड खर्च झाली, मुदतीला धक्का लागला नाही. याला स्मूदिंग हे वेगळे नाव आहे.

आता गवंडी सहाच आहेत असे धरू. प्लास्टर आणि फरशी आधी घेतली, तर कुंपणाला सातव्या दिवसापर्यंत थांबावे लागते आणि प्रकल्प ११ दिवसांवर जातो. कुंपण आणि फरशी आधी घेतली, तर प्लास्टर पाचव्या दिवशी सुरू होऊन प्रकल्प १४ दिवसांचा होतो. माणसे तीच, कामे तीच, फक्त क्रम बदलला आणि तीन दिवसांचा फरक पडला. यातून तिसरी वाटही निघते. कुंपण चौथ्या दिवसापासून दोनच गवंड्यांकडून सहा दिवसांत करून घ्यायचे. तेवढेच १२ मनुष्यदिवस भरतात, गरज सहाच्या वर जात नाही आणि दहाव्या दिवशी फाटक लागते. अट एवढीच, की तिघांचे चार दिवसांचे काम दोघांना सहा दिवसांत खरोखर जमले पाहिजे. भिंतीच्या बाबतीत हा हिशेब बहुधा जुळतो. एकाने दगड धरायचा आणि दुसऱ्याने लावायचा, अशा कामात तो जुळेलच असे नाही. कागदावरचे गणित आणि साइटवरचा अनुभव यांची गाठ इथे पडते.

चढउतार मोजण्याचे एक जुने माप बर्जेस आणि किलब्रू यांनी १९६२ मध्ये दिले. रोज लागणाऱ्या माणसांच्या संख्येचा वर्ग करायचा आणि सगळ्या दिवसांची बेरीज घ्यायची. एकूण मनुष्यदिवस तेवढेच राहिले, तरी बेरीज जितकी कमी तितके काम अधिक समतल. वरच्या उदाहरणात एकूण ४२ मनुष्यदिवस आहेत. नऊ गवंड्यांच्या योजनेची बेरीज ३२४ येते, सातच्या योजनेची २७२ आणि शेवटच्या सहाच्या योजनेची २२८.

सहा कामांचे गणित हाताने सुटते. कामे वाढली की ते आवाक्याबाहेर जाते. फक्त क्रमाच्या अटी असतील, तर हजारो कामांची सर्वांत लांब साखळी संगणक क्षणात काढतो. साधनांची मर्यादा आली की प्रश्नाची जातच बदलते. ब्लाझेविच, लेन्स्ट्रा आणि रिनोय कान यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की हा प्रश्न गणितातल्या अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो आणि सर्व प्रकरणांत झटपट अचूक उत्तर देणारी रीत कोणाला ठाऊक नाही. जर्मन संशोधक कोलिश आणि श्प्रेशर यांनी १९९० च्या दशकात अभ्यासकांसाठी नमुना प्रश्नांचा एक संग्रह तयार केला. त्यातल्या ३० कामांच्या सर्व ४८० प्रश्नांची सर्वोत्तम उत्तरे सिद्ध झाली आहेत. ६० कामांचे काही प्रश्न मात्र दोन दशकांनंतरही अनिर्णितच होते. साधी चार मजली इमारत बांधायची म्हटली, तरी कामांची यादी साठच्या पुढे जाते.

म्हणून व्यवहारात नियमांवर भागवावे लागते. कामांना प्राधान्यक्रम द्यायचा, वरून खाली यादी चालवायची आणि साधन मोकळे झाले की यादीतले पुढचे शक्य काम त्याला द्यायचे. सवड सर्वांत कमी ते काम आधी, किंवा उशिरात उशिरा संपवण्याची तारीख ज्याची लवकर ते आधी, हे नियम सहसा बरे चालतात. ‘सहसा’ हा शब्द मात्र विसरू नये. त्याचे कारण रोनाल्ड ग्रॅहॅम या अमेरिकी गणितज्ञाने १९६६ मध्ये दिले आणि या क्षेत्रातला तो सर्वांत विलक्षण निष्कर्ष म्हणावा लागेल. त्याच्या प्रसिद्ध उदाहरणात नऊ कामे आहेत. पहिले ३ तासांचे, पुढची तीन प्रत्येकी २ तासांची, त्यापुढची चार प्रत्येकी ४ तासांची आणि नववे ९ तासांचे. नववे काम पहिल्यानंतरच करता येते. चार-चार तासांची कामे चौथे संपल्यावरच. याच क्रमाने तीन कामगारांना कामे वाटली, तर सगळे १२ तासांत आटोपते. चौथा कामगार आणला की १५ तास लागतात. कामगार तीनच ठेवून प्रत्येक काम एका तासाने कमी केले, तरी १३ तास लागतात.

यात जादू काही नाही. चौथ्या माणसामुळे चार तासांची कामे लवकर मोकळी होतात, यादीत वर असल्याने आधी उचलली जातात आणि नऊ तासांचे लांबलचक काम शेवटी एकट्याच्या गळ्यात पडते. ते यादीत वर घेतले, तर चार माणसांचेही काम बारा तासांत होते. ‘माणसे वाढवा’ हा आदेश देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने हे नऊ कामांचे उदाहरण एकदा कागदावर मांडून पाहावे. फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएमच्या ओएस/३६० प्रकल्पाच्या अनुभवावरून १९७५ मध्ये असेच काही मांडले होते. उशीर झालेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात माणसे वाढवली, तर उशीर आणखी वाढतो. त्यांचे कारण वेगळे होते. नव्यांना शिकवण्यात आणि एकमेकांशी बोलण्यात जुन्यांचा वेळ जातो. ग्रॅहॅमच्या उदाहरणातले कामगार तर एकमेकांशी बोलतही नाहीत.

साधन म्हणजे केवळ माणूस नव्हे. अनेकदा खरे अडते ते जिथे कोणीच काम करताना दिसत नाही तिथे. आरसीसी इमारतीतले सेंटरिंगचे सामान याचे उत्तम उदाहरण आहे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार, साधे पोर्टलँड सिमेंट आणि १५ अंशांहून कमी नसलेले तापमान असेल, तर स्लॅबखालच्या प्लेटा टेकू पुन्हा लावण्याच्या अटीवर ३ दिवसांनी काढता येतात. स्लॅबखालचे टेकू मात्र ४.५ मीटरपर्यंतच्या गाळ्याला ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवावे लागतात. तुळयांखालचे टेकू ६ मीटरपर्यंत १४ दिवस आणि त्यापुढे २१ दिवस. स्लॅब ओतून माणसे निघून जातात, पण टेकू तिथेच अडकून राहतात. वरचा स्लॅब दर दहा दिवसांनी टाकायचा आणि तुळया सहा मीटरच्या आतल्या असल्या, तर टेकूंचे निदान दोन संच लागतात. लावण्याचे दिवस हिशेबात धरल्यावर संच तिसराही लागू शकतो. बिल्डरने एकच संच आणला, तर सुतार आणि फिटर कितीही वाढवले तरी स्लॅब वेळेवर पडत नाही. वेळ गाठण्यासाठी टेकू आधी काढले, तर मात्र प्रश्न वेळापत्रकाचा राहत नाही.

मोठ्या प्रमाणावर हेच गणित मुंबईच्या मेट्रो मार्गिका ३ च्या भुयारांत दिसले. कुलाबा ते सीप्झ अशा ३३.५ किलोमीटरच्या या मार्गासाठी १७ भुयार खोदणारी यंत्रे वापरली आणि त्यांनी एकूण ४२ वेळा भुयाराच्या दुसऱ्या टोकाला बाहेर येण्याचा टप्पा गाठला. शेवटचा नोव्हेंबर २०२२ मध्ये होता. म्हणजे बहुतेक यंत्रे एकाहून अधिक वेळा वापरली गेली. एक भुयार दुसऱ्या भुयारावर कामाच्या स्वभावानुसार अवलंबून नसते. पण यंत्र तेच असेल तर ते अवलंबून होते, आणि यंत्र जिथे बाहेर काढायचे किंवा पुढे ढकलायचे, त्या स्थानकाचे खोदकाम आधीच व्हायला हवे.

साधनामुळे तयार होणाऱ्या या अदृश्य क्रमामुळे मूळ निर्णायक मार्ग, म्हणजे क्रिटिकल पाथ, निकामी ठरतो. वरच्या शाळेत ११ दिवसांची योजना घेतली, तर शेवटचा दिवस रंग ठरवत नाही. प्लास्टर, मग कुंपण, मग फाटक अशी साखळी तो ठरवते, आणि प्लास्टर व कुंपण यांना जोडणारा दुवा म्हणजे गवंडी. अशा साखळीची कल्पना जेरोम वीस्ट यांनी १९६४ मध्येच मांडली होती. तिला लोकप्रियता मिळाली ती एलियाहू गोल्डरॅट यांच्या १९९७ मधल्या ‘क्रिटिकल चेन’ या कादंबरीने. गोल्डरॅटची भर अशी, की प्रत्येक कामात लपवलेले जादा दिवस काढून घ्यायचे आणि साखळीच्या शेवटी एकत्र राखीव ठेवायचे. कल्पना पटणारी आहे. पण कामाचा अंदाज कापला जाणार हे कळलेला माणूस पुढच्या वेळी अंदाजच फुगवून देतो, हा अनुभव नवा नाही.

महाराष्ट्रात साधनांच्या हिशेबात दिनदर्शिकेला मोठे वजन आहे. पेरणीच्या दिवसांत आणि दिवाळीत मजूर गावी जातात, गणपतीत कोकणातले कारागीर मिळत नाहीत, ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की बीड, अहिल्यानगरकडची कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात. मजुरांच्या टोळीला दोन-चार दिवस काम मिळाले नाही, तर ती दुसऱ्या साइटवर जाते आणि परत आणायला मुकादमाची मनधरणी करावी लागते. त्यामुळे इथला जाणता ठेकेदार सर्वोत्तम वेळापत्रकापेक्षा टोळीला सलग काम देणारे वेळापत्रक पसंत करतो. वर्गांची बेरीज न करताही तो कमीत कमी बेरजेच्या जवळ पोहोचतो.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टसारख्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये संतुलनाची आज्ञा तयार असते. कामाला ० ते १००० असा प्राधान्यांक देता येतो. न दिल्यास तो ५०० असतो आणि १००० असलेल्या कामाला संतुलन हात लावत नाही. आज्ञा दिल्यावर प्रणाली कामांना उशीर देते किंवा उरलेले काम तुकड्यांत टाकते. एकाचे काम आपणहून दुसऱ्याच्या नावावर ती करत नाही. शाळेच्या उदाहरणातली तिसरी वाट, म्हणजे तिघांऐवजी दोघांना जास्त दिवस लावणे, तिला सांगितल्याशिवाय सुचत नाही. त्यासाठी कुंपणावर किती गवंडी लावायचे हे आधी माणसाने बदलावे लागते आणि मगच आज्ञा पुन्हा द्यावी लागते.