विजेची करवत आणि अन्य यंत्र-अवजारे : सुरक्षित वापराचे नियम

भिलाई (छत्तीसगड) : भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातील 1955 च्या करारातून उभ्या राहिलेल्या भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. कारखान्यांच्या या शहरात दरवर्षी 17 सप्टेंबरला विश्वकर्मा पूजेच्या निमित्ताने यंत्रांची आणि अवजारांची पूजा होते. 2023 मध्ये याच तारखेला केंद्र सरकारने सुतार, लोहार यांच्यासह 18 पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. तीत प्रशिक्षणासोबत अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. विजेची करवत, ड्रिल आणि ग्राइंडर आता सुतारकामाच्या लहान दुकानांतही सर्रास दिसतात. मात्र मोठ्या कारखान्यात यंत्राभोवती असणारी सुरक्षाव्यवस्था त्यांच्यासोबत तेथे पोहोचतेच असे नाही.

कायद्याची मर्यादा

1948 च्या कारखाने अधिनियमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण घालणे (कलम 21), वीजप्रवाह तत्काळ तोडण्याची साधने पुरवणे (कलम 24) आणि डोळ्यांचे संरक्षण करणे (कलम 35) ही मालकाची जबाबदारी ठरवली. चालत्या यंत्राची तपासणी वा वंगणकाम अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या प्रशिक्षित कामगारानेच करावे, असे कलम 22 सांगत असे. वीज वापरणाऱ्या ठिकाणी किमान 10 कामगार असतील तर हा कायदा लागू होत असे. त्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ही संख्या 20 करण्यात आली.

दोन-तीन माणसांचे दुकान या व्याख्येत बसत नाही. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गमावल्यास कमाईची क्षमता 30 टक्क्यांनी, तर संपूर्ण तर्जनी गमावल्यास 14 टक्क्यांनी घटल्याचे मानले होते. परंतु ही भरपाई मालकाने द्यावयाची असते. जो स्वतःच मालक आणि स्वतःच कारागीर आहे, त्याने ती कोणाकडे मागावी? त्याच्यासाठी सावधगिरी हाच विमा होय.

फळी उलट का उसळते?

टेबलावरील गोल करवतीत दोन प्रकारचे अपघात संभवतात. एकात हात थेट पात्याला लागतो. दुसऱ्यात चिरलेली फळी मागील बाजूस मिटते, पात्याला चिमटते आणि पात्याचे वर येणारे दात ती उचलून कारागिराच्या दिशेने भिरकावतात. फळीवर ठेवलेला हात अशा वेळी पात्याकडे ओढला जाऊ शकतो.

हे टाळण्यासाठी पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत एक उभी पट्टी बसवलेली असते. तिला ‘रायव्हिंग नाइफ’ म्हणतात. ती चीर मिटू देत नाही. काम अडते म्हणून ही पट्टी आणि वरचे आवरण काढून ठेवण्याची सवय सर्वांत घातक आहे.

पाते लाकडाच्या जाडीपेक्षा किंचितच वर ठेवावे. फळी बाजूच्या सरळ पट्टीला टेकवूनच पुढे सरकवावी, मोकळ्या हाताने चिरू नये. अरुंद तुकडा ढकलण्यासाठी लाकडी काठी वापरावी. पात्याच्या थेट रेषेत उभे न राहता थोडे बाजूला उभे राहावे. अडकलेला तुकडा पाते पूर्ण थांबल्यावरच काढावा.

उलटे बसवलेले कटर

हातात धरावयाचे मार्बल कटर प्लायवूडच्या टेबलाखाली उलटे बसवून त्याची करवत बनवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. यात आवरण काढलेले असते, चीर उघडी ठेवणारी पट्टी नसते आणि बटण सतत चालू राहील असे अडकवलेले असते. 110 मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला 12,000 फेरे घेत असेल, तर त्याची कड ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने धावते. माणसाला प्रतिसाद द्यायला साधारण 0.2 सेकंद लागतात. तेवढ्यात पात्याचे 40 फेरे होतात. ‘लक्ष आहे’ एवढ्या भरवशावर हे काम सुरक्षित होत नाही. शिवाय वीज जाऊन परत आल्यास असे यंत्र आपोआप सुरू होते.

ग्राइंडरवर लाकूड कापण्याचे दातेरी पाते बसवू नये. ते अडकताच संपूर्ण यंत्र हातातून उसळते. चकतीवर छापलेली कमाल फेऱ्यांची संख्या यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावी. तडा गेलेली चकती टाकून द्यावी.

आधी वीज तोडा

9 ऑक्टोबर 2018 रोजी भिलाई पोलाद कारखान्याच्या कोक ओव्हन विभागात वायुवाहिनीच्या देखभालीचे काम सुरू असताना स्फोट होऊन दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीची वेळ ही उत्पादनाच्या वेळेइतकीच जोखमीची असते, याची ती दुःखद आठवण आहे. म्हणूनच अवजड उद्योगांत दुरुस्तीपूर्वी ऊर्जेचा स्रोत तोडून त्याला कुलूप लावण्याची पद्धत असते. लहान दुकानात तिचे रूप साधे आहे : पाते बदलण्यापूर्वी केवळ बटण बंद न करता प्लग काढून तो नजरेसमोर ठेवावा.

उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये खोचू नयेत. चौकोनात चौकोन अशी दुहेरी विद्युतरोधनाची खूण नसलेल्या धातूच्या यंत्राला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग आवश्यक आहे. 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे आरसीसीबी बसवून घ्यावे.

सैल बाह्या, गमछा आणि अंगठी फिरत्या पात्यापासून दूर ठेवावी. करवत किंवा ड्रिलवर हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला तर हात आत खेचला जातो. चष्मा, कानांचे संरक्षक आणि लाकडाच्या भुशासाठी मास्क मात्र वापरावा.

बोट तुटल्यास

जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात उंच धरावा आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेले बोट ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट थेट बर्फावर ठेवल्यास पेशी मरतात. रुग्णासोबत ही पिशवी लवकरात लवकर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यास बोट पुन्हा जोडले जाण्याची शक्यता राहते.