बंडाचीं दोन नाटकें



इ. स. १९०७ हें साल रंगभूमीच्या इतिहासांत एका योगायोगामुळें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. त्या वर्षींच्या एप्रिलांत लंडनच्या कोर्ट थिएटरांत एलिझाबेथ रॉबिन्स या नटीनें लिहिलेलें 'व्होट्स फॉर विमेन' हें नाटक झालें. त्याच्या दुसऱ्या अंकांत ट्रॅफल्गार चौकांतील सभाच उभी केली होती. स्त्रिया मताचा हक्क मागत आहेत आणि भोंवतालची गर्दी त्यांची टर उडवीत आहे. त्याच सालीं आपल्याकडे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें 'बायकांचें बंड' आलें. जैमिनीच्या अश्वमेधांतील प्रमिलेच्या स्त्रीराज्याची ही कथा. पुरुष नको म्हणणारी राणी अखेर अर्जुनाची पत्नी होते आणि बंड लग्नमंडपांत विरून जातें. शिवाय त्या काळच्या रिवाजाप्रमाणें बंड करणाऱ्या या बायका लुगडीं नेसलेले पुरुषच असत!

गिरिजाबाई केळकरांना हें रुचलें नाहीं. त्यांनीं 'पुरुषांचें बंड' लिहून उत्तर दिलें. एका गृहिणीनें नामांकित नाटककाराला नाटकानेंच जाब विचारावा, ही गोष्ट मला त्या कृतीच्या गुणदोषांहून मोठी वाटते. पुढें १९२८ सालीं त्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्षा झाल्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

मताचा खरा झगडा मात्र नाट्यगृहाबाहेर चालला होता. १९१७ सालीं सरोजिनी नायडूंसह स्त्रियांचें एक शिष्टमंडळ माँटेग्यूसाहेबांना भेटलें. साउथबरो समितीनें समाज अद्याप तयार नाहीं म्हणून नकार दिला. तेव्हां १९१९ सालीं मुंबईच्या हिराबाई टाटा आपली कन्या मिठन हिला घेऊन विलायतेस गेल्या व त्यांनीं पार्लमेंटच्या समितीपुढें बाजू मांडली. पार्लमेंटनें निर्णय प्रांतिक कौन्सिलांवर सोंपविला. मग रमाबाई रानडे यांच्यासारख्या वडीलधाऱ्या स्त्रियाहि मुंबईंतील चळवळींत उतरल्या, आणि १९२१ सालीं मद्रासपाठोपाठ मुंबई कौन्सिलानें स्त्रियांची आडकाठी दूर केली. अर्थात् मालमत्तेची अट कायम होती. म्हणजे ज्यांच्या नांवावर घर ना शेत, अशा बहुसंख्य भगिनींच्या पदरीं कांहींच पडलें नाहीं.

शिवाय हा कायदा संस्थानांना लागू नव्हता. मुकणे राजांच्या जव्हार संस्थानांतील जामसरचेंच पहा. या डोंगराळ मुलखांत वारल्यांचें लग्न धवलेरी लावते. ती गाते तेव्हां विवाह पार पडतो, भटजीचें कांहीं काम नसतें. मुंबई कौन्सिलाच्या निवडणुकींत मात्र या धवलेरीला शब्द नव्हता. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत मालमत्तेची अट न लागतां तिला मत मिळालें.

त्या निवडणुकीच्या याद्या करतांना एक विलक्षण अडचण आली. मुख्यतः उत्तर व मध्य भारतांतील अनेक स्त्रिया आपलें नांव सांगेनात. अमक्याची बायको, तमक्याची लेक, एवढेंच सांगत. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनीं अशा नोंदी मानल्या नाहींत. सुमारें आठ कोटि स्त्री-मतदारांपैकीं जवळजवळ २८ लाखांचीं नांवें त्या वेळीं यादींतून गळालीं.