द ओरेगॉन ट्रेल (संगणकीय खेळ)

द ओरेगॉन ट्रेल हा इतिहासाच्या वर्गासाठी तयार झालेल्या सर्वांत जुन्या संगणकीय खेळांपैकी एक होय. कार्लटन कॉलेजचे विद्यार्थी डॉन रॉविच, बिल हायनमन आणि पॉल डिलनबर्गर यांनी तो १९७१ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तयार केला. रॉविच तेव्हा मिनीॲपोलिसमधील एका शाळेत आठवीला इतिहास शिकवत होते.

खेळाडू १८४७ साली मिसूरी राज्यातील इंडिपेंडन्स येथून ओरेगॉनकडे निघालेल्या कुटुंबाची भूमिका घेतो. सत्तरच्या दशकातील आवृत्तीत गाडी घेतल्यावर उरलेल्या ७०० डॉलरमध्ये बैल, अन्न, दारूगोळा, कपडे व औषधे यांची तजवीज करावी लागे. पडदा नव्हता, टेलीटाइप यंत्र कागदावर मजकूर छापत असे आणि मुले उत्तरे टंकित करीत. शिकारसुद्धा झटपट शब्द टंकूनच साधावी लागे.

१९७४ मध्ये रॉविच यांनी 'मिनेसोटा एज्युकेशनल कम्प्युटिंग कन्सॉर्टियम' या सरकारी संस्थेसाठी खेळ सुधारला. स्थलांतरितांच्या रोजनिश्या वाचून त्यांनी हवामान, आजार व अपघात यांच्या शक्यता वाटेवरील टप्प्यांनुसार ठरवल्या. खेळाचे शैक्षणिक मोल मुख्यतः यातच आहे. दारूगोळ्यावर अधिक खर्च केला तर कपड्यांना पैसा का उरत नाही, आणि पुढे डोंगरातल्या थंडीत त्याची किंमत कशी मोजावी लागते, हे विद्यार्थ्याला सनावळीतून उमगत नाही.

मात्र ही कथा गोऱ्या स्थलांतरितांच्या नजरेतून सांगितलेली आहे. ज्यांच्या भूमीतून ही वाट जाते त्या मूलनिवासी जमाती जुन्या आवृत्त्यांत केवळ वाटेवरच्या प्रसंगांपुरत्या दिसतात. गेमलॉफ्टने २०२१ साली काढलेल्या आवृत्तीसाठी मूलनिवासी इतिहासकारांचा सल्ला घेण्यात आला आणि मूलनिवासी पात्रांच्या भूमिकेतून खेळण्याची सोय झाली.